हळदीच्या दिवसांतले एक सर्वनाम

काल सकाळी मागची खिडकी उघडली आणि शेजारच्या शेतात हळद शिजू लागल्याचे कळले. पाहावे लागले नाही. ज्यांचे आयुष्य बाळापूरच्या आसपास गेले त्यांना हा वास सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगते. तो स्वयंपाकघरातल्या डब्याचा वास नव्हे. डब्यातली हळद कोरडी आणि शांत असते. शेताच्या कडेला लोखंडी पिंपांतून वाफ सुटते तेव्हाच्या वासात ओली माती असते, कापलेल्या पानांचा आंबूसपणा असतो आणि घशाला लागणारी कापरासारखी एक तिखट धार असते. काढणी, मोडणी, शिजवणी, वाळवण आणि शेवटी ढोलात घालून पॉलिश, असा या पिकाचा क्रम आहे. मोडणी म्हणजे बायकांनी रांगेत बसून गड्ड्यापासून हळकुंडे वेगळी करायची. एक पायरी घाईने उरकली की तिचा दोष पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर उमटतो. सारी नोकरी मी शाळेत मराठीचे व्याकरण शिकवण्यात घालवली, त्यामुळे क्रम पाळणाऱ्या कोणत्याही कामाकडे मी आदराने पाहते.

संध्याकाळी मिशनमधून फादरांचा फोन आला. "बाई, नवीन ब्रदर आलेत. झारखंडचे आहेत. सोमवारपासून पाठवू का?"

"पाठवा," मी म्हटले, आणि पाटी शोधायला उठले.

आमचे घर बौद्ध. आमच्याकडे संध्याकाळी वंदना होते. राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, ईस्टर ही ख्रिस्ती सणावारांची नावे आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात कधी नव्हती. आता मात्र हळदीचा वास आला की ती नावे ओळीने आठवतात. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांना त्यांच्या लोकांत ब्रदर म्हणतात. अभ्यासाच्या मधल्या काळात त्यांना एखाद्या गावच्या मिशनमध्ये राहायला पाठवतात, आणि त्या गावची भाषा शिकणे हे त्यांचे पहिले काम असते. त्यांच्यातले माझे पहिले विद्यार्थी ब्रदर सिबी, केरळचे, काही वर्षांपूर्वी आले. त्यांच्यामुळे माझ्या वर्षात एक जादा ऋतू आला.

फादर त्यांना प्रथम घेऊन आले तेव्हा अंगणात बसताबसताच म्हणाले, "यांना बाराखडी येते, वाचता येतं, विभक्त्यासुद्धा येतात. माणसं तेवढी येत नाहीत." फादर स्वतः वसईकडचे, बोलायला रोखठोक. ब्रदर गुडघे जुळवून खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि वाक्य पुरते न कळल्यामुळे हसत होते. मग कळले, आणि हसू थांबले. मी त्यांना 'बाळ' म्हणायला सांगितले. त्यांचा 'ळ' ऐकून मी चकित झाले. शहरात शिकायला गेलेल्या आमच्या मुलांच्या जिभेवरून तो अक्षरशः घसरतो, आणि हा दूरच्या समुद्रकाठचा माणूस तो खणखणीत ठेवत होता. उच्चाराचा प्रश्नच नव्हता. गाठ दुसरीकडे होती.

ती गाठ कोठे पडली हे फादरांनी सांगितले. आधीच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या सोनाबाईंची धाकटी बहीण वारली. वस्ती म्हणजे मिशनपासून थोड्या अंतरावरची मोजकी ख्रिस्ती घरे, बहुतेक शेतात मजुरी करणारी. सोनाबाई मोडणीच्या बायकांची टोळी चालवतात. वस्तीत त्यांचा शब्द चालतो. फादर सांत्वनाला गेले, सोबत ब्रदर. फादरांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. ब्रदर दारात उभे राहिले आणि मनापासून म्हणाले, "आम्ही एक कुटुंब आहोत. आमचे दुःख एक आहे."

सोनाबाईंनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा. तुमचं एक कुटुंब हाय. मंग आमी कोन?"

कोणी हसले नाही. ब्रदरांना काय चुकले ते कळलेच नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटले.

मराठी बोलणाऱ्या वाचकाला ही चूक तत्काळ टोचेल, पण ती नेमकी कशी घडते हे शांतपणे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत आणि हिंदीत 'आम्ही' व 'आपण' यांना एकच शब्द पुरतो. मराठीला तो पुरत नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. आपण हा भेद दिवसभर पाळतो आणि पाळतो आहोत याची आपल्याला जाणीव नसते. दुःखाच्या घरात, दाराच्या चौकटीत उभे राहून ब्रदरांनी दार लावून घेतले होते, आणि त्यांच्या मनात मात्र ते दार उघडत होते.

त्यानंतर सोनाबाई रविवारच्या प्रार्थनेला येईनाशा झाल्या. त्यांच्यामागे आणखी काही बायका थांबल्या.

"ईस्टरपर्यंत बघू," फादर माझ्यासमोरच त्यांना म्हणाले. "वस्तीला तू आपला वाटलास तर पुढचं वर्षही इथेच राहा. नाहीतर शहरात आपलं घर आहे, तिथं इंग्रजीवर भागतं. त्यात कमीपणा काही नाही."

"मला इथेच राहायचे आहे," ब्रदर म्हणाले.

फादर गेल्यावर मी कारण विचारले. त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "प्रत्येक गावाला भाषा असतो, बाई. इथून पळालो तर पुढच्या गावातूनही पळेन."

त्या दिवशी 'असतो'चे 'असते' मी केले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र केले. माझा एक नियम आहे: एका बैठकीत एकाच प्रकारची चूक सुधारायची, बाकीच्या चुका दिसल्या तरी त्यांना त्या दिवसापुरती सुट्टी. प्रथम लिंग घेतले, कारण मल्याळममध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष करीत नाहीत, आणि ब्रदरांना आमची ही हौस अनाकलनीय वाटे. पलंग पुल्लिंगी का आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, असे ते विचारीत. मी खरे तेच सांगितले, की कारण नाही, सवय आहे. सवय लावायची तर जिथे शब्द कामाला जुंपलेले असतात तिथे जावे, म्हणून पाटी घरी ठेवून आम्ही शेतावर गेलो.

शेजारच्या तांड्यावरचा रामकिसन शिजवणीचे पिंप सांभाळीत होता. ब्रदरांनी वाफेकडे बोट दाखवून विचारले, "हळद शिजला का?"

रामकिसनने काडी हळकुंडात खुपसून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "शिजला. पन मिशा न्हाई फुटल्या अजून त्याला."

मोडणीच्या बायका खळखळून हसल्या. ब्रदरही हसले, आणि त्यानंतर त्यांनी हळदीला कधी पुल्लिंगी केले नाही. मी वर्गात आठवडाभर घोकून घेतले असते ते एका मिशीने साधले. रांगेच्या टोकाला बसलेल्या सोनाबाई मात्र हसल्या नव्हत्या.

मग 'आम्ही' आणि 'आपण' घेतले. ब्रदरांना मी एक काम दिले: माणसे बोलत असताना ऐकायचे, 'आपण' आले की उजवा हात वर करायचा, 'आम्ही' आले की डावा. ते बांधावर उभे राहून इमानाने हात वरखाली करू लागले. "आमी सकाळपासून मोडून राहिलो," डावा हात. "चला, आपन च्या घिऊ," उजवा हात. एका बाईने विचारलेच, "ब्रदर, हात काहून वर करून राहिले? लघवीला जायचं का?" एवढ्यात रामकिसन छाती काढून म्हणाला, "आपन एकदा शिजवली की परत बघायचं काम न्हाई." ब्रदरांचा उजवा हात वर गेला.

"तुमी कधी शिजवली वो?" रामकिसन म्हणाला.

परत येताना ते विचारात होते. रामकिसनने 'आपण' म्हणून स्वतः एकट्यालाच म्हटले होते, हे त्यांना उलगडत नव्हते. मी सांगितले की हा शब्द तीन तऱ्हांनी चालतो. मान देऊन 'तुम्ही'च्या जागी येतो, सगळ्यांना आत घेऊन येतो, आणि कधी एखादा गडी मिजाशीत स्वतःलाच 'आपण' म्हणवून घेतो. "मग ओळखायचे कसे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, शब्दाकडे एकट्याकडे पाहू नका. कोण कोणाशी बोलते आहे ते पाहा.

इतके सांगूनही बोलण्याच्या वेळी त्यांच्या तोंडून 'आम्ही'च निसटे. "आम्ही उद्या भेटू, बाई." मी भुवया उंचावून बसून राही. ते डोळे मिटीत, दुरुस्त करीत, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा घसरत. चूक कळत होती, जिभेला वळत नव्हती. शिक्षकाच्या आयुष्यातली ही सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची जागा असते. इथे नियम पुन्हा सांगून उपयोग नसतो. तो विद्यार्थ्याला पाठ झालेला असतो. हळकुंड बाहेरून शिजते आणि आतला गाभा तेवढा कच्चा राहतो, तसे ते असते. आच आणखी कोठून द्यावी याचा विचार करायचा.

एका दुपारी मी विचारले, "ब्रदर, उद्या तुम्ही आणि आई भेटणार असाल, तर तिला ते मल्याळममध्ये कसे म्हणाल?"

ते म्हणाले. मी म्हटले, "आता हेच वाक्य, पण आईला सोडून. तुम्ही आणि तुमचे मित्र भेटणार, आई घरी." त्यांनी तोंड उघडले आणि तसेच थांबले. मग पाटी माझ्या हातून घेतली आणि तिच्यावर देवनागरीत दोन शब्द लिहिले. 'नम्मळ' आणि 'ञङ्ङळ'.

पहिला आत घेणारा, दुसरा बाहेर ठेवणारा. त्यांच्या भाषेत हा भेद होता. आमच्याइतकाच जुना, आमच्याइतकाच ठाम. शाळा संपताच ते सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, गेले होते. तिथले तत्त्वज्ञान इंग्रजीत, आपसातले बोलणे इंग्रजीत, उत्तरेकडच्या मित्रांशी हिंदीत. मराठी शिकताना ते घरातून निघतच नव्हते. दर वेळी इंग्रजीच्या स्टेशनवरून गाडी पकडत होते, आणि त्या स्टेशनवर एकच शब्द मिळत होता.

मी दुसरा शब्द म्हणून पाहिला. "न्यंगळ."

"नाही, बाई. नाक."

"ञंगळ."

"जास्त नाक. 'ग' नको. 'ग' कोण टाकला?"

"'कोण टाकला' नव्हे, 'कोणी टाकला'."

"बरे, 'ग' कोणी टाकला?"

त्या दुपारी आम्ही दोघे आलटून पालटून एकमेकांचे शिक्षक झालो. माझे नाक शेवटपर्यंत पास झाले नाही. पण जाताना फाटकाशी ते वळले, एक क्षण डोळे मिटले, ओठांत 'नम्मळ' म्हटले आणि मग म्हणाले, "आपण उद्या भेटू."

त्यानंतरचे दिवस मला भराभर आठवतात. पळस फुलून ओसरला होता. ब्रदरांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या झाल्या होत्या, कारण धडा संपला की ते रोज मोडणीच्या रांगेत जाऊन बसू लागले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. सोनाबाई त्यांच्याशी बोलत नसत, शेजारणीला सांगत, "त्याला सांग, अंगठा आत घे. न्हाईतर नख जातंय." ते अंगठा आत घेत. एकदा सोनाबाई तशाच शेजारणीला म्हणाल्या, "तीन वर्साला एक येतो माय. बोलाय शिकला की बदली. हाही जाईन." ब्रदरांना ते सगळे समजले, क्रियापदासकट. त्यांनी पुढचा गड्डा उचलला आणि मोडायला घेतला.

माझ्याकडे ते प्रार्थनांची वाक्येही आणत. "तुम्ही बौद्ध आहात," एकदा संकोचून म्हणाले, "माझी प्रार्थना तपासता. चालेल ना?"

"मला तुमचा देव तपासायचा नाही," मी म्हटले, "विभक्ती तपासायची आहे."

मग त्यांनीच एक शंका काढली. रोजची भाकर मागतात त्या प्रार्थनेत 'आम्हाला' का? 'आपल्याला' का नाही? मी म्हटले, विचार करा, ऐकणारा कोण आहे. ते बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिले आणि एकदम हसले. "आपल्याला भाकर दे म्हटले तर देवालाही भूक लागेल." मी मान डोलावली. "म्हणजे देवाशी 'आम्ही'," ते म्हणाले, "आणि माणसांशी 'आपण'." वाक्य त्यांना इतके आवडले की त्यांनी ते दोनदा म्हटले. मलाही आवडले. शिक्षकाला नेटके वाक्य मिळाले की तो त्याच्यापुढे जाऊन पाहत नाही, आणि मीही त्या दिवशी पाहिले नाही.

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी हिरव्या झावळ्या हातात घेऊन प्रार्थना करतात. आमच्याकडे नारळ कोठले. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या कापून आणतात. प्रार्थना वस्तीवर, हळद वाळत घातलेल्या मोकळ्या जागेत व्हायची होती, आणि तिच्यात ब्रदरांनी हातात कागद न धरता बोलायचे होते. फादरांनी सांगितले नव्हते, पण परीक्षा हीच होती हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मी मागे, बाभळीच्या सावलीत उभी राहिले.

सोनाबाई आल्या होत्या, असे म्हणता येत नव्हते. त्या आपल्या कामाच्या जागी होत्या, उरलेल्या हळकुंडांच्या ढिगापाशी, पाठ करून. त्यांचे हात चालूच होते.

ब्रदर उभे राहिले. चारही बाजूंना पिवळी जमीन, मध्ये हिरव्या झावळ्या, आणि उन्हात चकाकणारा त्यांचा घामेजलेला चेहरा. "आपण आज झावळ्या घेऊन उभे आहोत," त्यांनी सुरुवात केली. येशू गाढवावर बसून शहरात येतो ती गोष्ट त्यांनी सांगितली. "लोक रस्त्यात उभे होते आणि येशू येऊन राहिला," ते म्हणाले, आणि पुढे बसलेली मुले खुसखुसली. मी त्यांना 'येत होता' शिकवले होते. 'येऊन राहिला' त्यांना रांगेत मिळाले होते, आणि तिथे तेच शोभत होते.

मग ते थांबले. सोनाबाईंच्या पाठीकडे पाहून म्हणाले, "पावसाळ्यात सोनाबाईंच्या घरी दुःख होते. मी दारात उभे राहून बोललो. मला शब्द माहीत नव्हता. मी आत आलो नाही."

सोनाबाईंचे हात चालूच राहिले. मी फादरांकडे पाहिले. ते खाली पाहत होते. ब्रदरांनी वाट पाहिली. 'आपले दुःख एक आहे' हे पुढचे वाक्य आम्ही तयार केले होते, पण ज्या माणसाला उद्देशून ते म्हणायचे ते वळतच नव्हते.

त्याच वेळी पॉलिशचा ढोल ओढत एक ट्रॅक्टर वस्तीत शिरला. रविवार, प्रार्थना, झावळ्या यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. वाळलेला माल घ्यायला तो बाहेरगावाहून आला होता. चालवणाऱ्याने हॉर्न वाजवला आणि वरूनच ओरडला, "ओ, बाजूला व्हा जरा. कोन हाय हा मधीच उभा? बाहेरचा दिसून राहिला."

ब्रदर बाजूला व्हायला निघाले.

सोनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. ओच्यातली माती झाडली आणि ट्रॅक्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाहेरचा कोन? आमचा ब्रदर हाय त्यो. गाडी तिकडून घे, नीट. त्याचं बोलनं व्हऊन जाऊ दे."

"बरं मावशे, बरं," चालवणारा म्हणाला आणि गाडी मागे घेऊ लागला.

मी ब्रदरांकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. गर्दीवरून त्यांचे डोळे थेट माझ्यावर येऊन थांबले होते, आणि त्यांत काय होते ते मी वर्गात शेकडो वेळा पाहिले आहे: बरोबर उत्तर दिलेल्या मुलाला चुकीची खूण मिळाली की तो असाच पाहतो. फादरांनी 'आपला' म्हटले होते. सोनाबाई 'आमचा' म्हणाल्या होत्या. बाहेर ठेवणारा शब्द. तो मीच त्यांना बाहेर ठेवणारा म्हणून शिकवला होता.

एवढ्या माणसांतून मला बोलता येत नव्हते. मी फक्त हनुवटीने ट्रॅक्टरकडे खूण केली.

त्यांनी तिकडे पाहिले. चाकांखालची धूळ उडवत, मान मागे वळवून, तो माणूस गाडी मागे नेत होता. ब्रदर त्याच्याकडे पाहत राहिले. मग सोनाबाईंकडे, ज्या अजून दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि ज्यांच्या मागे आता झावळ्या घेतलेली सगळी वस्ती होती, आणि ब्रदरही. दाराची बाजू बदलली होती. मला दिसत होते की ते त्यांना एकेक अक्षर करून कळते आहे; ओठ हलत होते, आणि त्यांच्या भाषेतला तो नाकातला शब्द, जो मला कधी जमला नाही, तो त्यांनी बहुधा स्वतःशी म्हणून पाहिला.

फादर लोकांमध्ये मातीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी हातातली झावळी गुडघ्यावर ठेवली. शहरातल्या घराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ब्रदर पुढचे वर्षही वस्तीवर होते, आणि त्यानंतरचेही.

सोनाबाई वळल्या आणि त्यांना म्हणाल्या, "थांबला काहून? बोल की."